एकोणीस गाळलेल्या जागा

राहनाळ,
४ जुलै २०२५

नेत्रा,

माझं सगळं बदललं ते २९ एप्रिलला, संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी. वेळ मनाची नाही, फुटेजवर छापलेली आहे. मानकोलीला तुमच्या दारातला मांडव, तुझ्या ताईची, रीमाची हळद. मी कुमार व्हिडिओचा कॅमेरा घेऊन उभा. तुझे दोन्ही हात हळदीने भरलेले, म्हणून तू कोपराने कपाळावरचे केस मागे सारलेस, थेट माझ्या लेन्समध्ये बघितलंस आणि हसलीस. सात सेकंद. त्यानंतर मी जेवतो, गाडी चालवतो, लोकांची लग्नं शूट करतो, पण हे सगळं दुसराच कोणीतरी करतोय असं वाटतं.

तू मला तीन ठिकाणी ब्लॉक केलंस. म्हणून पत्र. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. पत्ता जोहाने दिला. तुझी बारावीची मैत्रीण आहे म्हणून ती आठवडाभर देत नव्हती, पण एकाच स्टुडिओत काम करतो आम्ही, मी तिचं डोकं किती खाऊ शकतो ते तिला माहीत आहे.

मला एवढंच विचारायचंय, मी केलं काय? तुझी चाळीस सेकंदांची रील केली आणि स्टुडिओच्या पेजवर टाकली. स्लो मोशन, मागे गाणं, तुझ्या चेहऱ्यावरचा उजेड बसवायला दोन दिवस गेले. दोन लाख लोकांनी बघितली. बाकीची पोरं गुलाब देतात, माझ्याकडे जे होतं ते मी दिलं. आता नाक्यावर कोणी तुझ्या बाबांना म्हणालं, 'तुमची पोर हिरोइन झाली,' तर तो त्या माणसाचा गुन्हा. माझा कसा?

उत्तर दे. शिवी दिलीस तरी चालेल, पण हाताने लिहून दे.

विशाल


बडोदा,
१५ जुलै

विशाल,

पत्राचं एक बरं आहे, त्यात झूम नसतो. म्हणून उत्तर देते आहे.

रील काढून टाक. हे पहिलं. बाकीचं वाचायच्या आधी काढ.

मी इथे व्हिडिओ शिकते. म्हणजे लग्नाचा नाही, भिंतीवर लावून लोक उभ्याने बघतात तसला. आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, शॉट बघताना आधी विचारा, कॅमेरा कुठे उभा आहे. तुझी रील मी तशी बघितली. कॅमेरा मांडवाच्या खांबामागे उभा आहे. डावीकडे खांबाची कड दिसते, तिच्यावरच्या झेंडूच्या माळेसकट. ज्याला प्रेम दाखवायचंय तो माणूस खांबामागे कशाला उभा राहील?

मग मी वही घेऊन ताईच्या हळदीचा अख्खा व्हिडिओ बघितला. एक तास दहा मिनिटं. त्यात ताई बावीस मिनिटं आहे. मी एकतीस. ताईने तो सासरी लावला तेव्हा तिच्या सासूबाईंनी विचारलं, "ही हळद नक्की कोणाची होती गो?" ताई हे हसून सांगते. पण ती हसून सांगते तेव्हा काय झालेलं असतं ते मला कळतं.

तुला मी दिसले असं तू म्हणतोस. माझ्या बहिणीच्या हळदीत तुला माझी बहीण दिसली नाही, हे मी कुठे लिहून ठेवू?

नेत्रा


राहनाळ,
२७ जुलै

नेत्रा,

रील काढली. लोकांच्या फोनमध्ये गेलेली मला काढता येत नाही. ते मला आधी सुचायला हवं होतं, बरं.

पण कॅमेरा कुठे उभा आहे वगैरे मला शिकवू नकोस. हेच ऐकून मी कॉलेज सोडलं. मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला मॅडमनी एक सीन लावला. बाई जिना उतरतेय, कॅमेरा तिच्या पायापासून वर वर जातोय. मॅडम म्हणाल्या, "बघा, एका बाईचे किती तुकडे केले, आणि तुम्ही सगळे ते गिळून बसलात." मी उठलो. म्हटलं, "मॅडम, सुंदर दिसलं तर बघायचं नाही का?" त्या म्हणाल्या, "बघ की. पण ती तुला बघते का, ते सांग." वर्ग हसला. मी दार आपटून बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. बाबा गोदामाच्या गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहितात, त्यांना अजून वाटतं मी नापास झालो.

घरी मी नालायक, कॉलेजात मी गावठी, आणि स्टुडिओतही सुख नाही. जोहा मुस्लिम लग्नांत बायकांच्या बाजूचं शूटिंग करते. तिचं फुटेज पुरुषाने बघायचं नाही, एडिटही तीच करणार. ती कार्ड घेऊन आली की एकच वाक्य, "चलो, बाहेर. दार लाव." मग मी, कुमारशेठ आणि लाइटवाले पंढरीकाका, तिघे पायरीवर. तीन वर्षं हेच. आपलाच स्टुडिओ आणि आपणच बाहेर. एकदा मी म्हटलं, "मी काय खाणार आहे तुझ्या बायकांना?" म्हणते, "खायेगा नहीं. चाखेगा."

तुम्ही सगळ्या मिळून ठरवलंय की मी बघितलं म्हणजे चोरी केली. खांबामागे होतो कारण पुढे तुझे मामा नाचत होते. आणि मॅडमच्या प्रश्नाला माझ्याकडे आता उत्तर आहे. तू मला बघितलंस. लेन्समध्ये, सात सेकंद, आणि हसलीस. ते मी रंगवून घातलेलं नाही. ते खरं होतं की नाही, एवढंच सांग. खरं नसेल तर मी परत पत्र लिहिणार नाही.

विशाल


बडोदा,
३ सप्टेंबर

विशाल,

तुझ्या पत्राला उत्तर देणार नव्हते. पण तुझ्याकडे काम पडलंय.

राहीबाई गेली. सोळा ऑगस्टला. मला चार दिवसांनी कळलं, कारण घरच्यांना वाटलं, शेजारची बाई, पोरीची परीक्षा आहे, कशाला सांगा.

तुला ती आठवत नसेल. हळदीत पाटाशेजारी, माझ्या डाव्या हाताला बसली होती. धवलारीण. आमच्या वाड्यातली सगळी लग्नं तिने गाऊन लावली. धवला गाताना ती जुनं जुनंच म्हणायची नाही, समोर जे दिसेल ते त्यात घालायची. भाताची खाचरं गेली आणि गोदामं आली, तर गोदामं गाण्यात आली. कोणाच्या नवऱ्याचं टक्कल गाण्यात यायचं. मी सहा वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी बसून मागून ओळ धरायचे. आणि आता ऐक, मी व्हिडिओ शिकते आणि माझ्याकडे तिचं एक रेकॉर्डिंग नाही. फोनमध्ये तिचा धड फोटोसुद्धा नाही. वाटायचं, ती काय, आहेच. दुसऱ्या कोणाकडेही नाही, मी घरोघर विचारायला लावलं.

ताईच्या व्हिडिओत ती गाते तेव्हा तू वर डीजेचं गाणं टाकलंयस. आणि चित्रात तिचा फक्त हात आहे, कोपरापर्यंत. बाकी मी.

पण मूळ, न कापलेल्या रॉ फुटेजमध्ये आवाज असेल ना? कॅमेऱ्याच्या माइकने घेतलेला? मला तो हवाय. चित्र नको. जोहा म्हणाली की तुळशीचं लग्न लागून सीझन सुरू व्हायच्या आधी कुमारशेठ जुन्या डिस्क पुसतात. म्हणजे आपल्याकडे दोन महिने आहेत.

आणि मी का हसले ते. आठवतं मला. तू तर चार हातांवर उभा होतास. तुला ऐकू आलं नाही?

नेत्रा


राहनाळ,
२१ सप्टेंबर

नेत्रा,

राहीबाईचं वाईट झालं.

सोबत पेनड्राइव्ह आहे. अकरा मिनिटांचा आवाज आहे. माइकमध्ये गडबड होती, त्यामुळे मधे मधे गेलाय. मशीनचं असं होतं. याहून चांगलं माझ्याकडे नाही.

गणपतीच्या ऑर्डरी उरकता उरकता नवरात्र आलं, वेळ नाही. हसण्याचं राहू दे. मी सहज विचारलं होतं.

विशाल


बडोदा,
८ ऑक्टोबर

विशाल,

सहज विचारलं होतंस होय. दोन पत्रं आणि एक रील सहज.

मी अकरा मिनिटं ऐकली. एकोणीस ठिकाणी आवाज नाही. शाळेत असायच्या तशा गाळलेल्या जागा. माइक बिघडला की आवाज फाटतो, खरखरतो, हळूहळू बुडतो. हा सुरीने कापावा तसा जातो आणि तसाच परत येतो. हे मशीनने केलेलं नाही. तू बसून एक एक करून केलंयस, आणि नीट केलंयस, हात चांगला आहे तुझा.

बहुतेक जागांत तू बोलत असशील. असं काय बोललास?

पण सातव्या मिनिटाला सतरा सेकंदांची एक जागा आहे. तिच्यानंतर लगेच सगळ्या बायका हसतात. तिथे काय होतं ते मला माहीत आहे, मी तिथेच बसले होते. फक्त मला ते अर्धंच आठवतंय. पूर्ण आठवलं असतं तर तुझ्याकडे मागितलं असतं का? ती ओळ तिने त्याच दिवशी, तिथल्या तिथे रचली. ती जगात आणखी कुठे नाही. माझ्या डोक्यात अर्धी आहे आणि तुझ्या डिस्कमध्ये पूर्ण.

मी शेवटच्या वर्षाचं काम त्यावर करणार आहे. खोली अंधारी, पडदा आहे पण काळा. कोणीही दिसणार नाही, मीसुद्धा नाही. खाली बसायला पाट आणि राहीबाईचा धवला. बघायला येतील त्यांना बघायला काही मिळणार नाही. तुझा आवाज मधे असेल तर तोही राहील. नाव घालणार नाही.

दिवाळीला घरी येते आहे. पंचवीस तारखेला दुपारी जोहाबरोबर स्टुडिओत येईन. रॉ ठेव. किंवा पूस आणि तसं तोंडावर सांग.

नेत्रा


राहनाळ,
२८ ऑक्टोबर

नेत्रा,

तुम्ही आलात तेव्हा सांगायचं होतं ते राहिलं, म्हणून लिहितो. हे शेवटचं. पुढे तू वाचलंस की फाडलंस ते मला कळणार नाही, आणि ते बरंच आहे.

तुझं तीन सप्टेंबरचं पत्र आलं त्या दुपारी मी हेडफोन लावून बसलो. त्याआधी ते रॉ मी किती वेळा बघितलं असेल, मोजलं नाही. पण आवाज लावून एकदाही नाही. आम्ही हळदीचा आवाज ऐकतच नाही, आल्या आल्या काढून टाकतो आणि गाणं बसवतो. सवय.

पहिला आवाज माझाच आला. कॅमेऱ्यामागचा माणूस माइकच्या सर्वांत जवळ असतो हे मी नव्या पोरांना शिकवतो. मी पंढरीकाकांना सांगतोय, "लाइट नवरीवरून काढा, हिच्यावर मारा." मग, "बघ बघ, कशी बसलीय." मग जे बोललो ते इथे लिहीत नाही, तू ऐकलं असशीलच. असं अठरा वेळा. त्यातलंच एक चौथ्या मिनिटाला, राहीबाई गातेय आणि तिच्यावर माझा आवाज, "ही म्हातारी मधे येतेय काका. कापतो तिला."

कापली. हात तेवढा राहिला.

ती गेली हे त्याच पत्रात वाचलं होतं मी, अर्ध्या तासापूर्वी.

मग सातवं मिनिट. तू अर्धं आठवतं म्हणालीस. मला आता पाठ आहे.

कॅमेरेवाल्या पोराचा डोला कुठं गेला गो,
नवरी सोरून पाटावरची करवलीवर र्‍हेला गो.

आणि मग सगळा मांडव हसला. तुझी आई, तुझ्या काकू, पाटावरची नवरी. आणि तू कोपराने केस मागे सारलेस, वर बघितलंस, हसलीस. पाच वाजून बारा.

चार महिने मी त्या सात सेकंदांवर जगत होतो. खांबामागे उभा राहून मी सगळ्यांना बघतोय आणि मला कोणी बघत नाही असं धरून चाललो होतो. आणि इकडे अख्ख्या मांडवाने मला बघितलं होतं, गाण्यात घातलं होतं, हसून मोकळं केलं होतं. मला सोडून सगळ्यांना ठाऊक. कॉलेजातल्या मॅडमना सांगायला हवं, ती मला बघत होती. चांगलीच बघत होती.

राग आला. अजून आहे. तुझ्यावर आहे, हसलीस म्हणून. राहीबाईवर आहे आणि तो आता कुठे नेऊन घालू कळत नाही. मला वाटलं ती ओळ तरी कोणाला मिळता कामा नये. म्हणून आधी ती कापली, मग बाकीच्या अठरा जागा. रागात माणूस भांडी फोडतो, मी हे केलं. तुझं आठ ऑक्टोबरचं पत्र आलं तेव्हा तर ठरवून टाकलं की काही करायचंच नाही. गप्प बसायचं. तुळशीचं लग्न येईल, कुमारशेठ डिस्क पुसतील, माझा हात लागायला नको.

पंढरीकाकांना सांगितलं. जोहाने आम्हाला बाहेर काढलं होतं, पायरीवर बसलो होतो. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे, पोरी असल्याच असतात. ते तंबाखू मळायचे थांबले.

"राहीबाय माज्या लग्नाला गायली व्हती," म्हणाले. "तवा माजे कान मोठे म्हनून गायली. अजून बायको काढते." परत तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाले, "तुजा आवाज हाय म्हनून तिचा बी मारतंस काय?"

मी म्हटलं, "काका, इज्जत जाते माझी."

"ती तवाच गेली. बायका हासल्या न्हाय का?"

त्या माणसाशी वाद घालता येत नाही. मी तीन दिवस घातला, मनातल्या मनात, आणि हरलो.

पंचवीसला दिवाळीची सुट्टी म्हणून स्टुडिओखालचे कापडाचे लूम बंद होते. कामतघरच्या त्या गल्लीत एरवी शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, त्या दिवशी पायऱ्यांवर तुझ्या चपला वाजलेल्या ऐकू आल्या. आदल्या रात्रीपासून मी भाषण तयार केलं होतं. तुम्ही ऐकाल, मी शेजारी उभा राहीन, जिथे माझा आवाज येईल तिथे थांबवून सांगेन की असं सगळेच शूटिंगवाले बोलतात, मला तसं म्हणायचं नव्हतं, मी त्यातला नाही. प्रत्येक जागेसाठी एक वाक्य.

तू आलीस. जाड भिंगाचा चष्मा लावला होतास. तुला चष्मा आहे हे मला माहीत नव्हतं. एकतीस मिनिटं बघूनही मला माहीत नव्हतं, हळदीसाठी काढून ठेवला असशील. तू मला नीट बघितलंस, वरपासून खालपर्यंत नाही, तोंडाकडे, आणि म्हणालीस, "आहे की पुसलंस?"

मी डिस्क जोडली. फाइल उघडून दिली. खिशातून फोन काढून त्यात जपलेले ते सात सेकंद तुझ्यासमोर काढून टाकले. ते तू मागितलं नव्हतंस. काढण्याआधी शेवटचं बघितलं का, ते विचारू नकोस.

तू खुर्चीवर बसलीस, जोहा स्टुलावर. जोहाचा हात माउसवर. मी तुमच्या मागे उभा, भाषण तयार. कुमारशेठ दारात वडापाव खात होते. जोहा थांबली. मला वाटलं आता म्हणेल, चलो, बाहेर. तीन वर्षांत एकदा चुकलेली नाही ती. पण त्या दिवशी म्हणाली नाही. मागेही वळली नाही. नुसती थांबून राहिली, आणि तुझी मान पडद्याकडे, आणि खाली लूम बंद. माझाच श्वास मला ऐकू येत होता, रॉमध्ये येतो तसा.

तेव्हा कळलं की मी तिथे उभा राहिलो तर ती अकरा मिनिटं पुन्हा माझीच होणार. तुझ्या मानेकडे बघत राहणार मी. कुठे दचकतेस, कुठे रडतेस, कुठे हसतेस. पुन्हा तेच.

"कुमारशेठ, चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"बाहेर."

"अरे, हे आपलं फुटेज आहे. हळदीचं. हे काय जोहाचं लेडीज आहे?"

"हो," मी म्हटलं, "तेच आहे."

ते वडापाव घेऊन कुरकुरत निघाले. पायरीवर पंढरीकाका आधीच सरकून जागा करून बसले होते. मी मागून बाहेर पडलो आणि दार लावलं. आपटलं नाही.